आढ्यावरचं झाड

पुस्तकात घर केव्हाच बांधून झालं होतं. पुस्तकातल्या खिडक्यांना निळा रंग लागला होता, शेकोटीत ओंडके जळत होते, आणि आंसेल्म आणि सोलांज दिवाणखान्यात बसून सरलेल्या हालांची आठवण काढून हसत होते. खऱ्या घराला मात्र अजून छप्पर नव्हतं. छपराच्या जागी ताडपत्री होती, ताडपत्रीला भोकं होती, आणि ज्या टेबलावर बसून आंसेल्म हे सगळं लिहायचा त्या टेबलावर सोलांजने गळतीखाली पातेली मांडून ठेवली होती.

दोघं पॅरिसची. आंसेल्मने जन्मभर शाळेत लॅटिन शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर लिमुझँ प्रांतात, मोर्ताल गावाबाहेर, ला फोशरी नावाचं हे पडकं घर घेतलं. पहिल्याच दिवशी दाराची कडी त्याच्या हातात आली. "हे लिहून ठेवायला हवं," असं म्हणून तो तिथल्या तिथे वही काढून बसला. कडी सोलांजने बसवली. पुढे कामाची वाटणी हीच ठरून गेली. घडेल ते तिने निस्तरायचं आणि त्याने लिहायचं.

वसंतात सगळं झकास चाललं होतं. मार्सियाल पेरीशों आणि त्याचे दोन मेव्हणे, सुतारही तेच आणि छप्परवालेही तेच, यांनी कुजलेले वासे उतरवून ओकचा नवा कोरा सांगाडा उभा केला. आता वर फक्त काळ्या दगडाची कौलं चढवायची होती. आणि एका सोमवारी ते आले, त्यांनी वर पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं, ताडपत्री बांधली, शिड्या उचलल्या आणि चालते झाले. तेव्हापासून मार्सियालची कंबर धरलेली होती. प्लंबर त्याचा चुलतभाऊ, त्याचीही कंबर धरली. वीजवाला त्याच्या बायकोचा भाऊ, त्याचं तर विचारूच नका. आंसेल्मने 'खेड्यातला आळस' असं एक लांबलचक प्रकरण लिहून सूड उगवला, पण त्याने पाणी गळायचं थांबलं नाही.

पावसाळी उन्हाळ्यानंतर आंसेल्मला खोकला लागला आणि त्याने हात टेकले. नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला येणाऱ्या सर्व संतांच्या सणापर्यंत छप्पर झालं नाही तर घर विकून पॅरिसला परतायचं, असं त्याने सोलांजकडून कबूल करून घेतलं. लगेच एका जाड फळीवर सुंदर अक्षरात 'विकणे आहे' असं रंगवून फळी दारामागे उभी करून ठेवली. घरात वेळेवर पूर्ण झालेलं असं तेवढं एकच काम होतं. सोलांज रोज केर काढताना ती फळी बघायची आणि तिच्यामागचा केर तसाच सोडायची. पॅरिसच्या घरात आभाळ बघायला खिडकीतून मान बाहेर काढावी लागायची. इथे ते घरातच होतं, जरा जास्तच होतं, पण तिला इथून जायचं नव्हतं.

सणाला आठवडा उरला असताना ती बटाट्याची सालं घेऊन शेजारच्या लेओंतीनबाईंच्या हंसांना घालायला गेली.

"मार्सियालची कंबर कशी आहे हो आता?" तिने सहज विचारलं.

"तिला काय धाड भरलीय? परवाच्या लग्नात टेबलावर चढून नाचला."

"मग आमच्याकडे का येत नाही?"

म्हातारीने सालांची बादली खाली ठेवली. "हे मला विचारतेस होय गं पोरी? सांगाडा उभा राहिला की कारागीर आढ्यावर हिरवी फांदी ठोकतात, फिती बांधून. मग घरधन्याने त्यांना जेवायला बसवायचं, आणि त्यानंतर कौलं. तुझ्या नवऱ्याने ती फांदी खाली ओढून तिचे तुकडे केले. तेही रविवारी, सगळं गाव चर्चमधून बाहेर पडत असताना. तुम्हाला आमच्याबरोबर जेवायची लाज वाटत असेल, तर तसं तोंडाने सांगायचं होतं."

 तो रविवार सोलांजला लख्ख आठवत होता. जुन्या घरांच्या भिंतींत झाडं रुजतात आणि घर फोडतात, असं आंसेल्मने कुठेतरी वाचलं होतं. सकाळी उठून बघतो तर आढ्यावर झाड. तो शिडी घेऊन धावला. शिडी तिनेच धरली होती. इतकंच नाही, त्यातल्या बऱ्या डहाळ्या तिने फुलदाणीत लावल्या होत्या.

"अहो, त्याला वाटलं ते उगवलंय."

"एवढी बुकं शिकलेला माणूस," लेओंतीनबाई म्हणाल्या, "आणि त्याला झाड कुठे उगवतं ते ठाऊक नाही? जा, दुसऱ्या कुणाला सांग."

मार्सियालच्या बायकोनेही फोनवर तेच म्हटलं आणि फोन ठेवला. खरी गोष्ट इतकी बावळट होती की ती कुणाला पटतच नव्हती.

आंसेल्मला सांगायची तर सोयच नव्हती. एकदा तो उलटा स्वेटर घालून दिवसभर शिकवत राहिला होता, तर शरमेने त्याने शाळाच बदलली होती. हे कळलं असतं तर त्याने सणाची वाटही पाहिली नसती.

शनिवारी गावाच्या सभागृहात भाजलेल्या चेस्टनटांची मेजवानी असायची. यंदा महापौरबाईंनी आंसेल्मला त्याच्या पुस्तकातलं काहीतरी वाचायला बोलावलं होतं. त्याने 'निळ्या खिडक्या' हे प्रकरण निवडून त्याची पानं पाकिटात ठेवली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि बूट पुसायला अंगणात गेला. सोलांजने तेवढ्यात पाकिटातली पानं बदलली. आपण काय करतोय हे तिला पक्कं कळत होतं.

सभागृह गच्च भरलं होतं. मार्सियाल शेवटच्या बाकावर हाताची घडी घालून मेव्हण्यांमध्ये बसला होता. आंसेल्मने पानं काढली, जरा चपापला, पण हे प्रकरण त्याच्या विशेष आवडीचं होतं. त्याने घसा खाकरला.

"'एका रात्रीत माझ्या घराच्या माथ्यावर एक वृक्ष उगवला. निसर्ग माझ्या घरात मुळं रोवू पाहत होता. मी शिडी घेतली.'"

 फक्त लेओंतीनबाईंच्या नाकातून एक आवाज आला.

"'वाऱ्याने कुठून कुठून आणलेल्या तांबड्या-निळ्या चिंध्याही त्या वृक्षाला गुंडाळल्या होत्या.'"

धाकटा मेव्हणा बाकावर आडवा झाला.

"'मुळं मात्र सापडली नाहीत. सापडला तो एक खिळा. झाडाला खिळा कुणी आणि का मारला असावा, हे गूढ मला आजतागायत उकललेलं नाही.'"

आता सभागृह फुटलं. महापौरबाई रुमालात तोंड खुपसून बसल्या. आंसेल्म थांबला, त्याचे कान लालबुंद झाले. त्याने सोलांजकडे पाहिलं. सबंध खोलीत ती एकटी हसत नव्हती. दोन्ही मुठी छातीशी धरून ती त्याच्याकडे बघत होती, आणि तिला इतकं घाबरलेलं त्याने कधी पाहिलं नव्हतं. काय चाललंय ते त्याला कळलं नव्हतं, पण तिला हे वाचायला हवंय एवढं कळलं. तो घोटभर पाणी प्याला आणि आणखी मोठ्याने वाचू लागला. शिडीच्या वर्णनाला तर तो चक्क खुर्चीवर चढला.

वाचन संपलं तसा मार्सियाल उभा राहिला.

"मस्यू, तुम्हाला ते खरंच झाड वाटलं?"

"हो, वाटलं."

"खिळा बघूनसुद्धा?"

"खिळ्याबद्दल पुढे आणखी आहे. वाचू?"

"नको, नको, मरीन मी." मार्सियालने डोळे पुसले. "आम्ही समजत होतो तुम्ही माजोरडे आहात. तुम्ही तर नुसतेच येडे आहात. मग हे आधी नाही का सांगायचं?"

मग बाकीचं सगळं आंसेल्मला तिथेच समजलं, दहाजण एकाच वेळी सांगत असल्यामुळे जरा उशिरा समजलं. परतीच्या वाटेवर तो पाकीट काखेत मारून दोन पावलं पुढे चालत होता.

"रागावलास?" सोलांजने विचारलं.

"पानं तू बदललीस."

"हो."

"हसतील हे तुला माहीत होतं."

"हो." ती त्याला गाठायला भरभर चालू लागली. "मला दुसरं काही सुचलं नाही रे."

घराच्या वळणावर त्याने पाकीट दुसऱ्या काखेत घेतलं. मग म्हणाला, "खिळ्याच्या जागी सगळ्यात जास्त हसले, नाही?"

"सगळ्यात जास्त."

"मला आधीपासून वाटायचं तो परिच्छेद जमलाय म्हणून."

सोमवारी मंडळी आली ती ओकचं अर्धं झाडच घेऊन, म्हणजे या खेपेला कुणाचा गैरसमज व्हायला नको. तांबड्या-निळ्या फितींबरोबर धाकट्या मेव्हण्याने मुद्दाम एक चिंधीही बांधली. सोलांज पहाटेपासून राबत होती. रश्श्यात ससा शिजत होता आणि कणकेच्या पारीत बटाटे-साय भरून केलेले दोन मोठे 'पाते' भट्टीत फुगत होते. तरी तिचं मन थाऱ्यावर नव्हतं. सण बुधवारी होता. मार्सियालने कितीही घाई केली तरी तोवर छप्पर व्हायचं नव्हतं, आणि आंसेल्म शब्दाचा पक्का माणूस होता.

"फांदी तुम्ही ठोकायची, मस्यू," मार्सियालने हातोडा पुढे केला. "तुम्ही काढली, तुम्हीच लावा."

पण पावसाने अंगण नुसतं चिखल झालं होतं. शिडी टेकवली की एक पाय आत जायचा.

"खाली काहीतरी घाला हो. जाडसर फळी आहे का एखादी?"

आंसेल्म घरात गेला. सोलांजने खिडकीतून पाहिलं, तो दारामागची फळी काखेत मारून बाहेर आला, त्याने ती अक्षरं खाली करून चिखलात ठेवली आणि पायाने दाबली. सोलांजने झटकन एक कांदा चिरायला घेतला. रश्श्यात कांदा केव्हाच पडला होता.

आंसेल्म शिडी चढू लागला, मागून फांदी सावरत मार्सियाल चढला, आणि दोघांच्या भाराने फळी काठापर्यंत रुतली. पुढे ती कुणी काढली नाही.