मुखलिसचा शुक्रवारचा लेख

आईच्या घरी आल्यावर मुलानं आधी आईचा हात कपाळाला लावावा. मुखलिसनं आधी खिडक्या उघडल्या. म्हणे फोटोला उजेड कमी पडतो.

“आई, तेवढं पुस्तक हातात धर. वाचतेयस असं दिसू दे.”

“मला मोतीबिंदू आहे, हे तुझ्या वाचकांपासून लपवायचंय का?”

फोटोवाला हसला. “आजी, जरा हसा की.”

“हसते. दात तेवढे आणून दे.”

पुस्तक चांगलं जाडजूड. तीस वर्षं दर शुक्रवारी पाडांग शहरातल्या पेपरात माझ्या मुलानं धर्म आणि शाळा यांवर लिहिलं, त्यातलं निवडक. मोठमोठी माणसं त्याचा सल्ला घेतात. मी दुसरीत शाळा सोडली. मला त्याचा लेख वाचून दाखवायची ती देसमा, माझ्या लेकीची, रोस्नीची मुलगी. चुलीवर कॉफीच्या पानांचा काढा ठेवायची आणि माझ्या पायाशी बसून, मामासारखा घसा खाकरून वाचायची. मी हसायची, वर तिलाच दटावायची.

आमच्यात घर, शेत बायकांचं. आईकडून लेकीला, लेकीकडून नातीला. पुरुष लग्नानंतर बायकोच्या घरी राहायला जातो. पण बहिणीच्या मुलांबाबत शब्द मामाचा. देसमाला पाडांगच्या अध्यापक विद्यालयात जागा मिळाली, तेव्हा रोस्नी कागद घेऊन भावाकडं गेली. त्यानं सही केली नाही. “विचार करतो,” म्हणाला.

विचार शुक्रवारी छापून आला.

देसमा नेहमीसारखी वाचायला बसली. ‘माझ्या ओळखीच्या एका घरात एक मुलगी आहे,’ असं सुरू होतं. परीक्षेत पहिली आली, आता वडीलधाऱ्यांना उलट उत्तरं देते, नमाज चुकवते. दूरची शाळा मुलीला आधी घराबाहेर काढते, मग धर्माबाहेर. पोरीनं एक शब्द गाळला नाही. घसाही खाकरला नाही.

“पुढं वाच,” मी म्हटलं.

“संपलं, आजी.”

नमाज तिनं कधी चुकवली नव्हती. माझ्या शेजारीच तर पढायची.

घरातली मोठी बाई मी. मुखलिसचा कान पिळला असता तर सही झाली असती. पण त्या दुपारी मशिदीतून परतणारे लोक दारात थांबले. “आज तुमच्या मुलानं आमचे डोळे उघडले,” म्हणाले. मी मान ताठ करून त्यांना काढा पाजला. पेले देसमानं दिले.

तीन महिन्यांनी ती एका दलालाबरोबर मलेशियाला गेली. तिथं परक्या बाईच्या घरी फरशी पुसते, तिच्या मुलींना शाळेत सोडते. नऊ वर्षं झाली, आली नाही. दुसरी नात मला नाही. रोस्नीनंतर या घराचा दिवा विझणार.

“कितव्या पानावर आहे रे तो?” मी विचारलं.

“कोणता लेख, आई?”

“तुझ्या ओळखीच्या घरातला.”

त्यानं फोटोवाल्याला खाली पाठवलं. मग हळूच म्हणाला, “त्या लेखाचं फार कौतुक झालं होतं, आई. लोकांनी कापून ठेवला.”

मी पुस्तक त्याच्या मांडीवर ठेवलं.

“मुखलिस, तुझं लिखाण वाचणारी या घरात एकच होती. तिलाच तू घालवलंस, आणि मी लोकांना काढा पाजत बसले. हे आता तुझ्या बायकोच्या घरी ने. इथं वाचायला कोणी उरलं नाही.”