नाक वर

बाबांच्या पिकअपचं नाक मागच्यापेक्षा दोन बोटं खाली होतं. लेकीने अंगणातच पुढच्या स्प्रिंगांवर जाड चकत्या चढवल्या, चाकं लावली, जॅक काढला. आता नाक उलट दोन बोटं वर!

"झालं वाटोळं!" बाबा कडाडले. "काढ सगळं. यापुढे माझ्या गाडीला हात लावायचा नाही."

"काही काढायचं नाही, बाबा. जॅकवर लटकलेली चाकं आत ओढली जातात आणि टेकली की तशीच अडकून बसतात. म्हणून नाक वर राहिलंय. जरा फिरली की चाकं आपोआप पसरतील आणि नाक खाली बसेल."

तिने गाडी फाटकापर्यंत नेली, मागे आणली आणि टेप लावला. पुढे-मागे माप सारखं!

बाबांनी टेप हिसकावून स्वतः दोनदा मोजलं. मग घसा खाकरला.

"मागचा ब्रेकही कुरकुरतोय. उद्या बघशील?"