ब्रेकखालचा निळा चुरा

"बाबा, किल्ली द्या इकडे," ह्यांनी हात पुढे केला.

सासऱ्यांनी गाडीची किल्ली आपल्या मुलाच्या हातावर ठेवली. आठवड्यात तिसऱ्यांदा बॅटरी उतरली होती.

"मीच दिवे चालू ठेवले असणार," बाबा म्हणाले. "डोकं चालत नाही हल्ली."

एकतीस वर्षं रुग्णवाहिका चालवलेला माणूस! पहिल्या वेळी केवढे कडाडले होते, "मी दिवे बंद केले म्हणजे केले!" दुसऱ्या वेळी गप्प बसले. आज तर आपण होऊनच कबूल. सोमवारी त्यांना डोक्याच्या डॉक्टरकडे न्यायचं आणि गाडी कायमची बंद, असं ह्यांनी जाहीर केलं. माझी जीभ माझ्या कात्रीपेक्षा जास्त चालते असं घरात म्हणतात. पण तेव्हा मीही नुसती मान डोलावली.

ह्यांनी शेजाऱ्यांच्या गाडीला वायरी जोडून बॅटरीत जीव आणला, थोडा वेळ इंजिन चालू ठेवलं, मग बंद करून किल्ली खिशात टाकली आणि वर गेले. मी झाडू घेऊन गाडीत शिरले. ब्रेकखाली पुन्हा तोच निळा चुरा! आठवडाभर मी तो झाडून टाकत होते आणि बाबांच्या जुन्या चपलांच्या नावाने बोटं मोडत होते.

आज त्यात एक मोठा तुकडा होता. उचलून पाहिला तर अर्धं गोल, कडेला खाच. वीस वर्षं शिलाई मशीनवर बसलेय मी, तुटलं बटण मला कळायला नको? बटण आहे म्हणजे काज असणारच. डोकं खाली घालून पाहिलं. ब्रेकच्या दांड्याला वर एक लोखंडी पट्टी, पट्टीत रिकामं भोक आणि त्यातून बाहेर आलेला पेन्सिलीएवढा खटका.

मी तो बोटाने आत दाबला, सोडला, आणि सहज मान वळवून मागे पाहिलं. शेडची भिंत लाल झाली होती. पुन्हा दाबला, लाल गेलं. सोडला, पुन्हा लाल.

अगं बाई! किल्ली तर वर ह्यांच्या खिशात!

बाबांची जुनी सवय, गाडी नेहमी पाठ भिंतीला लावून उभी करायची, बोलावणं आलं की सरळ निघता येतं. त्यामुळे मागचे दिवे पेटलेले कुणाला दिसलेच नव्हते.

बटणांच्या डब्यातून कोटाचं जाड बटण आणलं. बटणाच्या पाठची दांडी पट्टीतल्या भोकातून घालून पलीकडून तारेने घट्ट आवळली. खटका बटणावर टेकला, भिंत पांढरी झाली. मग दोघांनाही हाका मारून खाली बोलावलं.

"म्हणजे बाबा दिवे..." ह्यांनी विचारलं.

"बंदच करत होते! खटका दाबून धरणारं बटण तुटलं, म्हणून ब्रेकचे दिवे आपोआप जळत होते, रात्रंदिवस!"

मला वाटलं, बाबा आता आम्हाला चांगले फैलावर घेतील. ते निळा तुकडा तळहातावर फिरवत राहिले.

"पण मला आठवतंय गं," ते म्हणाले. "दिवे चालू ठेवून उतरलो होतो. अगदी स्पष्ट आठवतंय."

जे घडलंच नव्हतं ते आम्ही बोलून बोलून त्यांच्या डोक्यात घातलं होतं.

मग त्यांनी वर पाहिलं. "मागच्या महिन्यात सकाळी गॅस उघडा राहिला होता. तो तरी मीच ठेवला होता ना?"

त्या दिवसापासून बाबांनी स्वयंपाकघरात पाऊल ठेवलं नव्हतं. पाणीसुद्धा मागून घेत.

"नाही बाबा," मी म्हणाले. "गिऱ्हाईक दारात होतं, घाईत माझ्याकडून राहिला. सगळे तुमच्याकडे बघायला लागले आणि मी... मी बोललेच नाही."

हे माझ्याकडे बघतच राहिले. बाबांनी विचारलं, "कधीपासून माहीत होतं तुला?"

"त्याच सकाळपासून."

ते कठडा धरून जिना चढले, सरळ स्वयंपाकघरात गेले. मी मागोमाग जाऊन दारात थांबले. त्यांनी काडी ओढून गॅस पेटवला आणि चहाला आधण ठेवलं, एकाच कपाचं. चहा गाळून झाल्यावर कप घेऊन ते माझ्या शेजारून निघून गेले.