सातव्या आवर्तनाआधी

मित्रांनो, मी आहे एक जुना ढोल, आणि हळू बोलणे मला जमत नाही. कान झाकायचे असतील तर आत्ताच झाका.

मॉरिशसमधल्या मोंतान्य ब्लांश गावात, १९७१ची ऊसतोडणी संपल्यावर, माझ्या मालकिणीच्या, चंपाच्या, बापाने मला आंब्याच्या खोडातून कोरले. दोन्ही तोंडांवर बकऱ्याचे कातडे ताणले. पहिली थाप पडली तेव्हा शेजाऱ्याची कोंबडी कुंपण ओलांडून पळाली म्हणे! दर गणपतीला मला पाचटाच्या आचेवर शेकायचे आणि मग झाकरी रंगायची. झाकरी म्हणजे गोल धरून नाचायचे आणि समोरच्या गावाला गाण्यातून सवाल टाकायचा. माझी सात आवर्तने संपायच्या आत जबाब आला पाहिजे, मग उलट सवाल. नाही आला तर हरलेल्यांचा ढोल जिंकणाऱ्यांच्या घरी जातो, कायमचा.

बाप गेल्यावर चंपा उसाच्या कामाला जाऊ लागली. घरी आली की आधी मला पुसायची. "बाबांचा आवाज एवढाच उरलाय," असे म्हणायची. मला फार बरे वाटायचे.

मग आला १९८२चा गणपती. विसर्जनाची दुपार होती, नदीकाठी सारा गाव लोटला होता. समोर बेटाच्या दक्षिणेकडच्या सुरिनाम गावचा हरिलाल, शंभर गाणी तोंडपाठ असलेला गडी. आमचे बलरामकाकाही काही कमी नव्हते, पण त्यांना अर्थ विचारलात की संपले. "अर्थ कशाला पाहिजे? आज्यानं म्हटलं, आपण म्हणायचं," असे त्यांचे ठरलेले उत्तर.

हरिलालने सवाल टाकला,
"जहाजात बसून आजा आला, संगं काय आणलं?
सोनं नाही, नाणं नाही, मग गठडीत काय बांधलं?"

चंपाचा भाऊ देवराज मला वाजवू लागला. बलरामकाकांनी छाती फुगवून सुरुवात केली आणि घातला की हो घोळ! त्यांनी म्हटला बाळाचा पाळणा. म्हाताऱ्या पोट धरधरून हसल्या. काकांचा चेहरा पडला, त्यांना अजूनही कळेना की चुकले काय.

निवाडा करणाऱ्या कुंतीआजी बोटे मोजत होत्या. "तीन झाली."

देवराजचे हात घामाने निसटत होते. ठेका जरा जरी लांबवला तरी आम्ही बाद. मित्रांनो, घड्याळ मीच होतो आणि पणाला लागलेलाही मीच! एकेक थाप मला माझ्या घरातून बाहेर ढकलत होती. मी घाबरलो होतो, खोटे कशाला बोलू?

"चार."

"काका, सरा बाजूला," म्हणत चंपा रिंगणात शिरली. तिला गाता येत नाही, गळा फाटका. ती गायलीच नाही. माझ्या ठेक्यावर ती नुसती बोलत सुटली,

"गठडी रिकामी, पोट रिकामं, गळ्यात नंबर होता,
माझ्या आज्यानं जिभेखाली गाव लपवला होता!
सिरदार ओरडे, 'आले, त्रावाय!' उन्हात पाठ जाळली,
पाठ जळली, जीभ नाही, ती मी अजून पाळली!
बोल आता हरिलालदादा, पाठ केलेलं ठेव घरी,
तुझ्या तोंडचं, तुझ्या मनचं, एक ओळ सांग तरी!"

'आले, त्रावाय' म्हणजे "चला, कामाला लागा"; उसाच्या मळ्यातल्या मुकादमाचे, सिरदाराचे, हे इथल्या क्रियोल बोलीतले शब्द तिने जसेच्या तसे उचलले होते.

हरिलाल उसळला. "हे गाणं नव्हे! नुसतं बोलणं आहे, आणि त्यात क्रियोल!"

"अरे, तुझ्या आज्यानं शेतात पोथी धरली होती काय?" कुंतीआजी कडाडल्या. "तोंडाला आलं ते बोलला, त्याचंच तुम्ही गाणं केलंत. जबाब दे. देवराज, पुन्हा पहिल्यापासून वाजव!"

हरिलालचे ओठ हलत होते. शंभर गाणी तो चाळत असेल, पण हा सवाल एकाही गाण्यात नव्हता. पाच झाली. सहा झाली. सातवे संपले. त्याने आपला ढोल स्वतः उचलून चंपापुढे ठेवला. त्या ढोलाकडे मला बघवेना.

आता १९८८ आहे. झाकरी थंडावली, तसे मी आणि हरिलालचा ढोल गावच्या सभागृहात भिंतीला टांगलेले असतो, अंगावर बोटभर धूळ. परवा तिथे पाठांतराची स्पर्धा होती. विद्यावती नावाच्या शाळकरी मुलीने चंपाच्याच ओळी हात जोडून, एकही शब्द न चुकता म्हटल्या. टाळ्यांचा पाऊस पडला. चंपा पाहुणी होती, ती मात्र उठून मुलीजवळ गेली.

"बाय, छान म्हटलंस. पण ही पाठ माझ्या आज्याची जळली होती. तुझं काय?"

मुलीने मान खाली घालून क्रियोलमध्ये सांगितले, "मावशी, मला मराठी समजतं, बोलता येत नाही. लोक हसतात."

"हसू देत. येतं तेवढं बोल, नाही येत तिथं क्रियोल घाल." असे म्हणून चंपाने मला खाली उतरवले आणि थाप मारली. चार आवर्तने मुलगी बोटांवर मोजत राहिली. पाचव्याला बोलली. शब्द अडखळत होते, चुकत होते, पण तिचे होते. सभागृहात कोणी तरी फिसकन हसले, तशी मुलगी थांबली.

चंपाने ठेका सोडला नाही. मित्रांनो, ढोलाची निगा सोपी असते. कातडे शेका, धूळ झाडा, आणि ज्याला मोडकेतोडके येते त्याचे बोलणे पुरे होईस्तोवर हसू नका.