बारकी गाडी

आमचा फ्लॅट घेताना बिल्डरने तीन बेडरूम आहेत असं सांगितलं होतं. दोनच आहेत. तिसरीत रेल्वे आहे.

इंदिरानगरातल्या आमच्या सोसायटीत कुणी तिसऱ्या खोलीत देवघर केलंय, कुणी मुलांचा अभ्यास. माझ्या नवऱ्याने, शेखरने, तिथे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लांबलचक टेबल करून घेतलं आणि त्यावर रूळ, बोगदा, डोंगर, मालधक्का आणि एक स्टेशन बसवलं. स्टेशनवर पिवळी पाटी आहे, ‘प्रतिभापूर रोड’. प्रतिभा म्हणजे मी. खोली हडप केल्याची ही नुकसानभरपाई. मी म्हटलं, निदान जंक्शन तरी करा. तर म्हणाला, एवढ्या जागेत जंक्शन बसत नाही. असा माणूस आहे, बायकोचं कौतुकसुद्धा मापात करतो.

महिन्याच्या तिसऱ्या रविवारी दुपारी इथे मंडळ भरतं. मंडळ म्हणजे चार माणसं, आणि चहाला मी. हर्षल दातांचा डॉक्टर आहे. तो नवाकोरा मालडबा विकत आणतो आणि मग दवाखान्यातल्या बारीक हत्यारांनी त्यावर गंज रंगवत बसतो. नवीन वस्तू आणून जुनी करायची, ह्याला काय म्हणावं? मंजुषा शाळेत चित्रकला शिकवते, तिच्याकडे झाडं आणि माणसं. मागे तिने मालधक्क्यासाठी कांद्याच्या गोण्या करून आणल्या होत्या, प्रत्येक गोणी तुरीच्या दाण्याएवढी, तोंडं सुतळीने शिवलेली. खरं सांगते, मी त्या तळहातावर घेऊन बराच वेळ बघत होते. अर्थात तसं कुणाला कळू दिलं नाही.

चौथे सावळीरामभाऊ. मखमलाबादच्या पुढे त्यांचा मळा आहे, झेंडू, शेवंती, थोडा भाजीपाला. मळा आता मुलगा बघतो. गौरींची फुलं द्यायला एकदा घरी आले, उघड्या दारातून त्यांना गाडी पळताना दिसली, आणि फुलांची पाटी हातात तशीच धरून उभे राहिले ते राहिलेच. तेव्हापासून ते मंडळात. टेबलावरचे डोंगर सगळे त्यांचे. मळ्यातली माती वस्त्रगाळ करून आणतात आणि गवत कुठे वाळलेलं, कुठे हिरवं, ह्यावर शेखरशी वाद घालतात. स्वतःचं इंजिन मात्र त्यांनी कधी घेतलं नाही. विचारलं की म्हणायचे, “मी आपला डोंगरवाला.” पण दुसऱ्याचं इंजिन समोरून गेलं की त्यांची मान त्याच्याबरोबर फिरते, हे मी कप उचलताना पाहिलंय.

मंडळाची एक रीत आहे. ज्याने जे नवीन आणलं ते त्याने सगळ्यांसमोर उघडायचं. इंजिन असेल तर बाकीच्या गाड्या बाजूला घ्यायच्या, लाइन मोकळी करायची आणि नव्या इंजिनाने एकट्याने पहिला फेरा मारायचा. फेरा पुरा होईपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. एकदा मी मध्येच “पोहे गार होताहेत” म्हटलं, तर शेखर दोन दिवस फुगून बसला होता.

तर ह्या दिवाळीनंतरच्या एका शनिवारी सकाळी सावळीरामभाऊंचा फोन आला. शेखर आंघोळीला गेला होता, म्हणून मी घेतला.

“ताई, घोळ झालाय,” ते दबक्या आवाजात म्हणाले. “कुसानं इंजिन आणलं.”

कुसा म्हणजे कुसाबाई, त्यांची बायको. दसरा-दिवाळीला त्या पंचवटीत फुलं विकायला बसतात. त्या कमाईतून त्यांनी नातीला, वेदिकाला, हाताशी धरून मोबाइलवरून नवऱ्यासाठी गाडी मागवली होती. अख्खा संच, इंजिन, तीन डबे आणि गोल रूळ. काल देवापुढे ठेवून, हळदकुंकू वाहून त्यांच्या हातात दिला.

“अहो, मग चांगलंच झालं की!”

“चांगलं कशाचं, ताई? बारकी आली. दुसऱ्याच मापाची. आपल्या गाड्यांच्या निम्मी. आपल्या रुळावर चढायची पण नाय ती. आणि कुसा उद्या येतीये माझ्याबरोबर, पहिला फेरा बघायला. मीच सांगत असतो ना घरी सगळं. नवं लुगडं काढून ठेवलंय तिनं.” ते थांबले. “लय हौसेनं घेतलंय हो. स्वतःसाठी कधी एवढी मोठी वस्तू घेतली नाय तिनं. आपली चूक झाली हे तिला कळता कामा नये. बाकी मला काय नको.”

शेखर बाहेर आल्यावर मी त्याला सगळं सांगितलं. मला वाटलं, हा आता मापांवर व्याख्यान देणार. मापात नाही ते टेबलावर नाही, हा त्याचा कायदा. मंजुषाने मोठ्या हौसेने केलेला मोर त्याने हाकलून दिला होता, कारण तो फलाटावरच्या गार्डच्या छातीपर्यंत येत होता.

“सरळ सांगून टाका त्यांना,” मी म्हटलं. “बदलून मिळतं हल्ली.”

शेखर टॉवेल खांद्यावर टाकून तसाच उभा राहिला. “हळदकुंकू वाहिलंय त्यांनी त्याला,” तो म्हणाला. “बदलून काय आणायचं?”

मला ह्या माणसाचा राग रोज येतो, पण त्या क्षणी त्याचा फार अभिमान वाटला. मी त्याला दुसरा चहा करून दिला.

मग दिवसभर फोनाफोनी. ठरलं ते असं. इंजिनाचं भरपूर कौतुक करायचं. लाइन मोकळी करायची. नेमक्या वेळी वीज जाईल. मग फेरा राहू दे म्हणायचं आणि इंजिन मानाने काचेच्या कपाटात, मधल्या फळीवर ठेवायचं. वीज घालवायचं काम माझ्याकडे. त्या खोलीचं बटण पॅसेजमधल्या बोर्डावर आहे. शेखर खोकला की मी ते खाली पाडायचं. एवढे शिकलेले लोक, आणि डोकं चालवून चालवून हे काढलं.

रविवारी दुपारी दोघं आले. कुसाबाईंनी मोरपंखी लुगडं नेसलं होतं, पिशवीत माझ्यासाठी शेवंती. मी चहा विचारला तर म्हणाल्या, “आधी गाडी, मग चहा.” सावळीरामभाऊंचा चेहरा उतरलेला. मी कुसाबाईंना खोलीत दाराजवळ खुर्ची दिली. त्या टेबलाकडे एकटक बघत बसल्या.

“ठेसनात माणसं नाय का?” त्यांनी विचारलं.

मंजुषाने आल्या आल्या फलाटावरची सगळी माणसं उचलून डब्यात भरली होती. इंजिनाशेजारी कुणी उभं दिसलं असतं तर मापाचा घोळ आंधळ्यालाही कळला असता.

“रविवार आहे ना, काकू,” हर्षल म्हणाला.

सावळीरामभाऊंनी खोका उघडला. लाल इंजिन, करंगळीपेक्षा थोडं मोठं. त्यांनी ते तळहातावर धरलं.

“काय सुंदर रंग!” मंजुषा म्हणाली.

“काय फिनिशिंग आहे, काकू!” हर्षल म्हणाला.

आता शेखरची पाळी. त्याला खोटं बोलता येत नाही. त्याने घसा साफ केला, इकडे तिकडे बघितलं. “खोका मजबूत आहे,” तो म्हणाला.

बाकीच्या गाड्या बाजूला गेल्या, लाइन मोकळी झाली. शेखर खोकला. मी पॅसेजमध्ये जाऊन बटण पाडलं. खोलीतला पंखा मंदावला आणि तिघंजण एका सुरात, अगदी आनंदाने ओरडले, “लाइट गेली!”

कुसाबाईंनी मान वळवून दारातून माझ्या मागे बघितलं.

“हॉलमधला पंखा फिरतोय की, ताई,” त्या म्हणाल्या.

मी बोर्डाजवळ हात वर करून उभी होते, तो तसाच खाली घेतला. सावळीरामभाऊ स्टुलावर बसले आणि इंजिन मांडीवर ठेवलं.

“कुसा, मी सांगतो,” ते म्हणाले. “ह्यांची काय चूक नाय, मीच सांगितलं त्यांना असं करायला. तुझी पण चूक नाय. ह्या गाड्यांची मापं असत्यात. तू आणली ती बारकी आली. ह्या रुळावर चालायची नाय. तुला वाईट वाटंल म्हणून…”

“आली कशी?” कुसाबाई म्हणाल्या. “मी बारकीच मागवली.”

“वेदिकानं चुकून…”

“वेदिकानं दोन्ही दाखवल्या मला. ती म्हणत होती, आजी, ही मोठी घे, आजोबांकडं असलीच असती. मीच म्हटलं नको. ही बारकी.”

“पण का?” शेखरने विचारलं. त्याला खरोखरच कळत नव्हतं.

कुसाबाईंनी त्याच्याकडे बघितलंच नाही. त्या नवऱ्याकडे बघत होत्या. “का म्हंजे? आपल्या चांदवडच्या वस्तीवरनं केवढी दिसायची?” त्यांनी अंगठा आणि बोट समोर धरलं, मध्ये थोडंसं अंतर ठेवून.

मग त्या मला सांगू लागल्या. “मळा घ्यायच्या आधी आम्ही तिकडं होतो, ताई, चांदवडच्या खालच्या अंगाला. लगीन होऊन आले तव्हा लय रडायचे मी. माझं माहेर निफाडकडचं, घराच्या मागनं रूळ. रोज गाडीचा आवाज. आणि ह्यांच्या वस्तीवर नुसता वारा. मग हे मला संध्याकाळचं वरच्या माळावर बोलवून घ्यायचे. तिथनं पार लांब खाली गाडी दिसायची, मनमाडला जाणारी. एवढीशीच. पण माझ्या माहेरावरनं आलेली असायची ना ती. ती बघितली का मग मी घरी येऊन भाकरी टाकायची.”

त्यांनी पदर सारखा केला. “परवा हातात दिली तर हे काय बोललेच नाय. तव्हापासनं गप्प गप्प. मला वाटलं, आठवलं ह्यांना, म्हणून बोलवत नाय. हे मापाच्या काळजीत होते होय.”

हे त्या रागाने म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हसून म्हणाल्या. आम्ही सगळे मिळून त्यांची चूक झाकायला निघालो होतो आणि चूक त्यांची नव्हतीच. सावळीरामभाऊंना तो माळ आठवतो की नाही, एवढंच आता कुसाबाईंना जाणून घ्यायचं होतं. आणि ते तर खाली मान घालून इंजिनाकडे बघत होते.

पहिला हलला तो शेखर. तो टेबलाच्या कडेला गेला, एक डोळा मिटून डोंगराच्या पलीकडे बघितलं.

“लांबची गाडी लहानच दिसणार,” तो म्हणाला. “मापात आहे. बरोबर मापात आहे! हर्षल, टेबल पुढे ओढ. प्रतिभा, आपला कॅरम कुठे आहे?”

कॅरम माळ्यावर होता. तो काढून, धूळ पुसून, टेबलाच्या मागे दोन स्टुलांवर ठेवला. त्यावर संचातले गोल रूळ नेमके बसले. मंजुषाने टेबलाच्या मागच्या कडेचं रंगवलेलं आभाळ उचलून कॅरमच्या मागे, भिंतीला टेकवलं. पण मधला डोंगर उंच होता, त्याच्या मागचं काही दिसेना. हर्षल म्हणाला, कॅरमखाली पुस्तकं घालू.

“नको,” सावळीरामभाऊ म्हणाले. ते उठले होते. “ताई, सुरी द्या एक.”

मी भाजीची सुरी दिली. ते आधी कुसाबाईंच्या खुर्चीजवळ आले, वाकले, त्यांच्या डोक्याला डोकं लावून बघितलं, की इथून काय दिसतं. मग परत गेले आणि स्वतः केलेल्या डोंगराचा माथा कापायला लागले. मंजुषा “अहो, भाऊ…” म्हणाली, शेखरने तिला हाताने गप्प केलं. थोडं कापलं, पुन्हा खुर्चीजवळ येऊन वाकून बघितलं, पुन्हा थोडं कापलं. सगळ्या टेबलावर माती सांडली. एरवी मी किती बोलले असते, पण तेव्हा मला ती झाडावीशीसुद्धा वाटली नाही.

मी बटण वर केलं. पंखा फिरायला लागला. सावळीरामभाऊंनी इंजिन रुळावर ठेवलं, मागे डबे जोडले आणि गाडी चालवायचा रेग्युलेटर हातात घेऊन ते डोंगराच्या कडेला उभे राहिले. बारीकशी गुणगुण ऐकू आली. गाडी आधी दिसली नाही. मग कापलेल्या माथ्यापलीकडून, आभाळाच्या कडेकडेने लाल ठिपका निघाला, मागे तीन डबे, आणि खरोखरच ती कुठून तरी लांबून येत होती.

कुसाबाई खुर्चीतच होत्या, पाच पावलांवर. पण सावळीरामभाऊंनी तोंडाजवळ हात नेला आणि मोठ्याने, माळावरून खालच्या घराकडे घालावी तशी हाक घातली.

“कुसेऽऽ! ये लवकर, तुझी गाडी आली!”

कुसाबाई ताडकन उठल्या. डोळ्यांतलं पाणी पुसायचंही त्यांना भान नव्हतं. “अशीच हाक मारायचे, ताई,” त्या जाता जाता मला म्हणाल्या, “मी चुलीपुढनं पळत जायची,” आणि लगबगीने जाऊन त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या.