मिटल्या डोळ्यांचा नियम

सुनेने नवऱ्याचा, म्हणजे डॉक्टरांचा, हात माउसवरून उचलला आणि पेपरवेट ठेवावा तसा टेबलावर बाजूला ठेवला.

"खऱ्या फोटोंवर नाही चालवायचा," ती म्हणाली.

"अगं, मी स्वतः लिहिलाय."

"म्हणूनच."

डॉक्टर दातांचे होते. दुपारी पेशंट नसले की ते दवाखान्यात बसून प्रोग्रॅमिंग शिकत, आणि पेशंट बरेचदा नसत. त्यातून हा प्रोग्रॅम जन्माला आला होता. घरच्या कॉम्प्युटरमधले सगळे फोटो चाळायचे, एका प्रसंगाचे दहा असतील तर त्यातला उत्तम तो ठेवायचा, बाकीचे कायमचे पुसायचे. कॉम्प्युटर गळ्यापर्यंत भरला होता आणि आईच्या पंचाहत्तरीला निवडक फोटोंचा अल्बम द्यायचा होता. फोटोंची दुसरी प्रत कुठेच नव्हती. ती करायचं काम घरात दर रविवारी ठरत असे.

सून एका कंपनीत टेस्टर होती. दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्रॅम कुठे मोडतात हे शोधण्याचा तिला पगार मिळे; घरी हेच काम ती मानद तत्त्वावर करी.

"हा सँडबॉक्स," तिने स्क्रीनवर एक चौकट उघडली. "आत आपल्या फोटोंची नक्कल ठेवलीय. प्रोग्रॅमला वाटणार, हेच खरं घर. आत त्याला काय पुसायचं ते पुसू दे, बाहेरच्या एकाही फाइलला त्याचं बोट लागणार नाही."

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सासूबाई मटार सोलत होत्या. त्यांचे हात थांबले.

"आणि आपण नकली घरात आहोत, हे त्याला कळत नाही?"

"नाही, आई."

"म्हणजे खरा स्वभाव दिसतो." त्यांनी पुढची शेंग घेतली. "लग्न ठरवताना अशी सोय हवी होती."

"कुणासाठी?" डॉक्टरांनी विचारलं.

"तू चालव तुझं."

प्रोग्रॅम चालला. चौकटीतला फोटोंचा आकडा भराभर उतरत गेला आणि डॉक्टर नियम समजावत राहिले. हसताना दात दिसले की गुण जास्त. फोटो हलला असेल तर गुण वजा. कुणाचे डोळे मिटलेले असतील तर फोटो थेट बाद.

"दातांना गुण," सून म्हणाली. "तरी बरं, तू पोटाचा डॉक्टर नाहीस."

काम संपलं. सासूबाईंनी हात पुसले, चष्मा लावला आणि खुर्ची स्क्रीनपुढे ओढली. एकेक फोटो सरकू लागला. लख्ख उजेड, सरळ माना, पांढरेशुभ्र दात. डॉक्टर आईच्या चेहऱ्याकडे बघत होते.

"छान आहेत," त्या म्हणाल्या. "कुणाच्या घरचे?"

"आपलेच, आई."

"हो का. घे पुढे."

आणखी फोटो गेले. मग त्यांनी विचारलं, "हे कुठे आहेत?"

डॉक्टरांनी माउस हातात घेतला. पुढे गेले, मागे आले, पुन्हा पुढे गेले. नाना, डॉक्टरांचे वडील, कुठेच नव्हते. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती. चौकटीत मात्र ते कधी जन्मालाच आले नव्हते. कॅमेरा समोर आला की नाना डोळे मिटून घेत. कितीही सांगा. फोटो तुम्हाला बघायचाय, मी कशाला बघू, असं म्हणत. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. नियम लिहिणाऱ्यालाही.

सुनेने चौकट बाजूला सारली आणि बाहेरचा, कुणाचं बोट न लागलेला फोल्डर उघडला. समुद्रासमोर नाना, डोळे मिटलेले. दवाखान्याच्या नव्या खुर्चीत नाना, तोंड उघडं, डोळे मिटलेले. लग्नात वधूवरांच्या मधोमध उभे, तेही तसेच.

सासूबाई पुढे झुकल्या. "इतके? मला वाटायचं, एखाददुसरा असेल." त्या एकेका फोटोवर थांबू लागल्या, शेजारी नवीन राहायला आलेल्या माणसाकडे बघावं तशा.

डॉक्टरांनी कीबोर्ड ओढून एक ओळ लिहिली. "झालं. चेहरा नानांचा असेल तर डोळे बघायचे नाहीत."

"एका माणसापुरता नियम लिहू नये," सून म्हणाली. "दुसरं कुणी आलं की मोडतो."

"दुसरं कोण येणार आहे?"

सासूबाईंनी चष्मा काढून मटारच्या भांड्याशेजारी ठेवला.

"माझा फोटो काढ रे," त्या म्हणाल्या, आणि डोळे मिटून घेतले.

डॉक्टरांनी फोन उचलला, जरा थांबून फोटो काढला. सुनेने तो चौकटीत टाकला.

"टाकला आत?" डोळे तसेच मिटलेले. "बघू, मला ठेवतो का."

डॉक्टरांनी आत्ताच लिहिलेली ओळ खोडली. मग वर जाऊन डोळ्यांचा नियमच खोडला. चाचणी चालू असताना प्रोग्रॅम बदलला तर सुनेच्या ऑफिसात पाच जणांना मेल जातो. ती मटारच्या सालांकडे बघत राहिली.

"ठेवलं का?"

"ठेवलं," डॉक्टर म्हणाले.

प्रोग्रॅम अजून कुणी सुरूच केला नव्हता. सुनेने भांडं आपल्याकडे ओढलं आणि एक शेंग सोलायला घेतली.