रुंद तोंड चढाकडे

गटाराच्या पाइपात कॅमेरा सोडून आतलं बघायचं काम मी करते. या धंद्यात एक गोष्ट मला पक्की कळली आहे. आत काय आहे, हे फारसं कोणाला जाणून घ्यायचं नसतं. दोष दुसऱ्याचा आहे, एवढंच माझ्या तोंडून वदवून घ्यायचं असतं. वरच्या मजल्यावरच्यांना तो खालच्यांचा हवा असतो, खालच्यांना शेजारच्या झाडाचा, आणि घर विकत घेणाऱ्याला विकणाऱ्याचा. मी पडदा सुरू करण्याआधीच खापर कोणाच्या डोक्यावर फोडायचं ते ठरलेलं असतं. मला याचा राग येतो, आणि तो माझ्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतो, असं माझ्या नवऱ्याचं म्हणणं आहे. दिसू दे.

वस्तादांच्या लेकीचा फोन आला तेव्हा मात्र मी पुढचं काही न विचारता "येते" म्हणून मोकळी झाले.

वस्ताद म्हणजे ज्यांनी मला पाइप टाकायला शिकवलं ते. बावीस वर्षांपूर्वी बाईमाणसाला हाताखाली घ्यायला एकही मिस्त्री तयार नव्हता. दोघांनी तर तोंडावर हसून घेतलं. वस्तादांनी माझे तळहात उलटेसुलटे करून पाहिले आणि म्हणाले, "सकाळी सातला ये. सात म्हणजे सात." बस्स, एवढीच मुलाखत. आज माझी स्वतःची गाडी आहे, मशीन आहे, हाताखाली चार माणसं आहेत, आणि या सगळ्याची सुरुवात त्या सातमध्ये आहे.

लेक फोनवर म्हणाली होती, "ताई, दुसऱ्या कोणाला बाबा पाइपाला हात लावू देणार नाहीत, म्हणून तुम्हाला बोलावतेय. आज काय तो निकाल लागू दे. सिंक जोडता येत असेल तर आई इथे राहील. नाहीतर मी तिला संध्याकाळी माझ्याकडे घेऊन जाणार, कायमची."

सिंकची भानगड मला ठाऊक होती. वस्तादांनी हे घर स्वतः बांधलं, स्वयंपाकघरापासून मागच्या अंगणातल्या चेंबरपर्यंतचा पाइपही स्वतःच टाकला. आणि सगळ्या शहराची गटारं वाहती करणाऱ्या या माणसाच्या घरचा तोच पाइप दर महिन्याला तुंबायचा. वस्ताद सळ्या घालून तो मोकळा करायचे. आतून तेलकट लगदा निघायचा, चहाची पूड निघायची. ते सगळं घमेल्यात घेऊन ते काकूंसमोर, म्हणजे त्यांच्या बायकोसमोर, धरायचे. "बघ, तुझे प्रताप." काकू मान खाली घालून बघायच्या. शेवटी एकोणीस वर्षांपूर्वी एक दिवस वस्तादांनी सिंकखालची नळीच काढून टाकली, भोकाखाली बादली ठेवली आणि सांगितलं की आता तुझं पाणी तू चेंबरपर्यंत नेऊन ओत. तेव्हापासून काकू बादली नेत होत्या. स्वयंपाकघर, मागचं दार, तीन पायऱ्या, अंगण, चेंबर. दिवसातून आठ-दहा वेळा.

आता त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. तीन आठवडेही झाले नव्हते, आणि परवा लेक अचानक आली तर आई एका हातात वॉकर आणि दुसऱ्या हातात बादली घेऊन पायऱ्या उतरत होती. वस्ताद खुर्चीत बसले होते. "मी उचलणारच होतो, तिला दम निघत नाही," असं ते म्हणाले म्हणे. लेकीचं डोकं फिरलं ते तिथे.

मी पोचले तेव्हा वस्ताद मागच्या अंगणात उभे होते. माणूस निम्मा झाला होता, पण शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, तशीच. मशीनकडे त्यांनी तुच्छतेने पाहिलं. "आमच्या वेळी कान लावला की कळायचं," ते म्हणाले.

"मग इतकी वर्षं का नाही लावलात?" मी म्हटलं. त्यांच्याशी असं बोलायची मुभा आम्हा शिष्यांमध्ये फक्त मलाच होती.

"लाइनीत दोष नाहीच. सवयीत आहे. जोडून बघ, महिन्याभरात तुंबेल."

मी सिंकखाली बसले. बादली बाजूला केली, भिंतीतल्या पाइपाच्या तोंडाचं बूच काढलं, कॅमेरा आत सोडला आणि बादली परत भोकाखाली सरकवली. कॅमेरा म्हणजे अंगठ्याएवढं डोकं, त्याभोवती दिवे, आणि मागे जाड केबल. डोकं किती आत गेलं त्याचे आकडे पडद्यावर येतात. पडदा मी मागच्या दाराशी स्टुलावर ठेवला होता. वस्ताद त्याच्यासमोर बसले. लेकीला ऑफिसचा फोन आला, ती अंगणाच्या टोकाला जाऊन बोलत राहिली. काकू ओट्यापाशी उभ्या होत्या. आम्हाला चहा देऊन झाल्यावर त्या कप गोळा करत होत्या. मी केबल ढकलून दाराशी यायचे, पडदा बघायचे, परत जाऊन ढकलायचे.

दोन मीटरपर्यंत स्वच्छ. चारपर्यंत स्वच्छ. उतार सुरेख होता, जोड सगळे एका रेषेत. भाजलेल्या मातीचे जुने पाइप इतके नीट टाकलेले मी हल्ली बघत नाही, आणि ते मी बोलूनही दाखवलं. वस्तादांची मान जरा ताठ झाली.

पाच मीटर तीसवर कॅमेरा अडला.

या पाइपांचं एक टोक रुंद असतं आणि दुसरं अरुंद. एकाचं अरुंद टोक पुढच्याच्या रुंद तोंडात शिरतं. रुंद तोंड नेहमी चढाकडे, म्हणजे पाणी जिथून येतं तिकडे ठेवायचं, म्हणजे पाणी जोडावर न अडता सरळ पुढे जातं. वस्तादांचा हा पहिला धडा. एकदा माझ्या हातून एक पाइप उलटा पडला तेव्हा त्यांनी बारा पाइपांची पूर्ण लाइन माझ्याकडून उकरून घेतली होती. "रुंद तोंड चढाकडे. झोपेत विचारलं तरी हेच सांगायचं," असं म्हणाले होते. मी रडत रडत उकरलं, आणि पुन्हा कधी चुकले नाही.

पडद्यावर एक पाइप उलटा होता. एकच. तो तुकडा कापून बसवलेला होता, त्याचं रुंद तोंड उताराकडे, आणि ते पुढच्या पाइपाच्या रुंद तोंडाला भिडलेलं. मधली फट सिमेंटने भरली होती. सिमेंट आत ओघळून तळाशी उंबऱ्यासारखं बसलं होतं, आणि उंबऱ्याच्या अलीकडे एकोणीस वर्षांपूर्वीचं तेल दगड होऊन पडलं होतं.

हे कोणालाही समजावून सांगावं लागलं असतं. समोर बसलेल्या माणसाला मात्र लागणार नव्हतं. वस्ताद पडद्याकडे बघत राहिले. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. मग अंगणाच्या टोकाला, फोनवर बोलणाऱ्या लेकीकडे पाहिलं.

"जमीन खचलीय असं लिही," ते हळू आवाजात म्हणाले.

खरं सांगायचं तर मला ते पटलं. जमीन खचली म्हटलं की काकू सुटत होत्या, वस्ताद सुटत होते, लेक एकटीच परत जात होती. जमिनीला कोणी बोल लावत नाही. ज्या माणसाने मला पायावर उभं केलं त्याच्यासाठी दोन शब्द लिहायला माझं काय जात होतं? मी वहीत 'जमीन' असं लिहिलंसुद्धा.

तेवढ्यात मला नळाचा आवाज ऐकू आला. सुरू, बंद. सुरू, बंद. काकू कप धूत होत्या. बादली लवकर भरू नये म्हणून एका कपाला चमचाभर पाणी सोडायचं, नळ बंद करायचा, मग दुसरा कप. एकोणीस वर्षांत या बाईने स्वतःच्या घरात नळ पूर्ण उघडलेला नव्हता. आणि मला आठवलं, मी नवी नवी शिकत होते तेव्हा याच ओट्यापाशी त्यांच्या हातचं जेवून, हात पुसत पुसत मी त्यांना म्हटलं होतं, "काकू, जरा बघून ओतत जा ना, वस्तादांना किती त्रास होतो." मोठ्या शहाणपणाने म्हटलं होतं. मला इतकी लाज वाटली की पेन पुढे सरकेना.

"वस्ताद," मी म्हटलं, "कागदावर तुम्ही म्हणाल ते लिहीन. पण काकूंनी विचारलं तर मी खरं सांगणार."

"ती कशाला विचारतेय?" ते म्हणाले.

काकू वॉकर टेकत दारात आल्या. लेकही फोन बंद करून आली. काकूंनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"माझं तेल दिसतंय का गं कुठे?"

"दिसतंय, काकू."

"अडलंय कशाला?"

मी तोंड उघडलं. पण माझ्याआधी वस्ताद बोलले. बोलताना ते पडद्याकडेच बघत होते.

"पाइप उलटा पडलाय. मीच टाकला. एक कमी पडला होता, संध्याकाळ झाली होती. तुकडा होता तो उलटाच बसत होता. म्हटलं, घरचंच तर आहे, आजची वेळ मारून नेऊ, उद्या बदलू. सकाळी फरशीवाले येऊन बसले." मग ते म्हणाले, "तुझ्या हाताचा काही दोष नव्हता."

ते हे विसरले होते की नाही, याचा मी पुढे बरेच दिवस विचार केला. मला वाटतं, माणूस असं काही विसरत नाही. तो त्यावर फरशी घालतो, आणि मग फरशीवर खुर्ची टाकून बसतो.

काकूंच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. "मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या.

"काय ठाऊक आहे?" लेकीने विचारलं.

"तुला पहिलं मूल झालं तेव्हा मी दोन महिने तुझ्याकडे होते. घरात हे एकटे. बाहेरून डबा यायचा, धुवायला एक ताट नि दोन कप. मी परत आले तर सळ्या धुऊन कुंपणावर वाळत घातलेल्या. ओल्या होत्या अजून." त्यांनी वस्तादांकडे पाहिलं. "मी नसतानाही तुंबलं होतं ना? मला काही बोलला नाहीत. आणि तीन महिन्यांनी बादली ठेवलीत."

वस्ताद चष्मा काढून पुन्हा पुसायला लागले.

"आई, मग इतकी वर्षं गप्प का बसलीस?" लेकीचा आवाज चढला.

"बोलले असते तर भांडण झालं असतं. आणि भांडणात हे जिंकले असते. पाइपातलं मला काय कळतं?" काकू दाराशेजारच्या खुर्चीत सावकाश बसल्या, ऑपरेशनचा पाय पुढे सोडला. "म्हटलं, सांगतील कधीतरी आपणहून. तर मशीन आणावं लागलं."

लेक म्हणाली, "चल, ऊठ. आता तर इथे एक दिवस ठेवत नाही मी तुला."

"कुठे चल? माझ्या स्वयंपाकघराचा पाइप निघायचाय. तो मी इथे बसून बघणार."

मी कामाचं बोलले. तेवढंच मला येतं. फरशी फोडायची, तुकडा काढायचा, नवा पाइप घालायचा, नळी जोडायची. दोन दिवसांचं काम. "या सोमवारी माणसं पाठवते," मी म्हटलं आणि वहीत 'जमीन' खोडून सोमवारची तारीख लिहिली.

आत बादली भरली होती. कप धुऊन झाले तरी सिंकमधलं उरलेलं पाणी ठिबकत होतं आणि काठावरून फरशीवर यायला लागलं होतं. सगळ्यांना ते ऐकू येत होतं. काकू उठल्या नाहीत. लेक उठायला लागली तेव्हा काकूंनी तिच्या मनगटावर हात ठेवला.

वस्ताद उठले. आत गेले. बादली दोन्ही हातांनी धरून बाहेर आले. दारातच थोडं पाणी त्यांच्या चपलेवर सांडलं. पहिल्या पायरीवर ते थांबले, बादली टेकवली, पुन्हा उचलली. तीन पायऱ्या उतरायला त्यांना चांगला वेळ लागला. मग अंगण. चेंबरपाशी वाकून त्यांनी झाकण सरकवलं आणि पाणी ओतलं. रिकामी बादली घेऊन ते परत आले, आत जाऊन त्यांनी ती सिंकखाली ठेवली, आणि आम्हाला पुन्हा ठिबकण्याचा आवाज ऐकू आला.

काकू सगळं बघत होत्या. मग त्या माझ्याकडे वळल्या.

"सोमवारची घाई करू नकोस हं," त्या म्हणाल्या. "तुझ्या सवडीने ये."

मी वहीतली तारीख खोडली आणि पुढच्या महिन्यातली लिहिली.